जयाताई आणि बारा चकत्या

जयाताई रंगारी चकतीवर हाऽऽ करायच्या तेव्हा खोलीत कुणी बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता. चकती म्हणजे लिथियम नायोबेट नावाच्या स्फटिकाचा गोल तुकडा, बिस्किटाहून जरा लहान, दिसायला निव्वळ काच. ती चिमट्यात धरायची, तोंडाजवळ आणायची आणि त्यावर ऊबदार श्वास सोडायचा. चकतीवर धुकं धरतं. ते कडेपासून मध्यापर्यंत सारखं विरत गेलं तर पॉलिश जमलं. कुठे ठिपका रेंगाळला, रेघ उमटली, तर चकती परत घासायच्या तबकडीवर. त्यांच्या संशोधन संस्थेत महागडी यंत्रं आली, वातानुकूलित खोल्या झाल्या, पण शेवटचा निकाल जयाताईंच्या छातीतूनच यायचा, आणि त्याचा त्यांना जरा गर्व होता. जरा कसला, चांगलाच होता, आणि का नसावा?

माहेर भंडारा जिल्ह्यातलं पवनी. लग्न होऊन पुण्यात आल्या, धायरीत दोन खोल्यांत संसार मांडला आणि एकतीस वर्षांपूर्वी या संस्थेत काचेची भांडी धुवायला रोजंदारीवर लागल्या. शेजारच्या टेबलावर पॉलिश करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराचे हात बघत राहिल्या, आणि तो गेला तेव्हा त्याची तबकडी कुणी न सांगता यांच्याकडे आली. नवरा सुदर्शन टेम्पोच्या कारखान्यात होता, आता घरी. मुलगी लग्न होऊन मांजरी गावात. इतक्या वर्षांत भाषा पुण्याची झाली होती. फक्त चिडल्या की भंडाऱ्याचं ‘काहून’ तोंडातून निसटायचं, आणि ते निसटलं की शहाणी माणसं आपापल्या टेबलाकडे वळायची.

येत्या मेअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. दातांच्या डॉक्टरांसाठी लेसर बनवणाऱ्या एका गटाने मागवलेल्या बारा चकत्या ही त्यांच्या हातची शेवटची मोठी खेप. ती निर्दोष गेली पाहिजे, एवढीच त्यांची इच्छा होती. घरात तर त्यांनी बाराच्या बारा चकत्यांचं इतकं कौतुक सांगितलं होतं की सुदर्शन म्हणाले, “नातवंडांचं नाही करत तू एवढं.”

आणि डिसेंबरच्या एका सोमवारी त्यावर विरजण पडलं.

पहिल्या चार चकत्या पॉलिश होऊन वल्लरीकडे गेल्या होत्या. वल्लरी ही विभागातली संशोधक विद्यार्थिनी. डोळ्यांना न दिसणारा उजेड स्फटिकातून किती पार जातो, हे ती नव्या यंत्रावर मोजायची. तिने संगणकावरचा आलेख विभागप्रमुखांसमोर ठेवला. सरळ रेषा चाललेली, आणि मध्येच एक उंच टेकडी.

“चारही सॅम्पल्समध्ये सेम, सर. इथे लाइट अडकतोय.”

विभागप्रमुख डॉ. शुभंकर खांबेटे सदाशिव पेठेतले. त्यांचं बोलणं मोजकं, आणि त्यातला निम्मा भाग टोमणा. त्यांनी आलेख पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “पर्वतीच उभी केलीत की.”

जयाताईंनी विचारलं, “म्हणजे नक्की काय झालं?”

वल्लरीने समजावलं. या स्फटिकात धातूंच्या जोडीला ऑक्सिजन असतो. कुठून ओलावा शिरला तर त्यातला हायड्रोजन त्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतो. ही जोडी सारखी थरथरत असते, आणि तिच्या थरथरण्याला जुळणारा उजेड आला की तो गिळून टाकते. “डोळ्यांना चकती एकदम क्लिअर दिसणार, ताई. पण त्या एका अदृश्य रंगाला ती अपारदर्शक. आणि दातांच्या लेसरला नेमका त्याच्या आसपासचाच रंग लागतो. चकती तो गिळणार आणि तापणार.”

“पण पॉलिश?”

“पॉलिश मस्तच आहे.”

“मस्त आहे, पण पाण्याने केलेलं आहे,” खांबेटे म्हणाले. “दिवसदिवस ओल्या लगद्यात घासायचं आणि वर तोंडाची वाफ सोडायची. ओलावा आणखी कुठून येणार?”

“काहून?” जयाताई म्हणाल्या. वल्लरी एक पाऊल मागे सरकली. “तीस वर्षं पाण्यानेच घासते मी. आजवर कधी टेकडी आली नाही ती?”

“आजवर या रंगात आपण बघतच नव्हतो, ताई. यंत्रच नव्हतं.” खांबेट्यांचा आवाज शांत होता, आणि त्यामुळेच तो जास्त लागला. “उरलेल्या आठ चकत्या बंगळुरूला पाठवू. तिथे एक जण तेलावर पॉलिश करून देतो. शुक्रवारी पार्सल जाईल. आणि तोवर कृपा करून कशावरही हाऽऽ करू नका.”

 जयाताईंनी आपल्या खोलीत जाऊन तबकडी पुसली, जी आधीच पुसलेली होती. एकतीस वर्षांच्या कामाला कुणी वाईट म्हणालं असतं तरी त्या भांडल्या असत्या. इथे तर काम चांगलं म्हणत होते आणि हातच नको म्हणत होते. बसमध्ये डेक्कनपासून धायरीपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या आणि आपला थांबा चुकवून पुढच्या थांब्यावर उतरल्या. घरी सुदर्शनला एवढंच म्हणाल्या, “माझ्या श्वासाने चकत्या नासतात म्हणे.” सुदर्शननी भाजी निवडता निवडता वर बघितलं. “तुझ्या श्वासाने मी नासलो नाही एवढ्या वर्षांत,” ते म्हणाले. पण जयाताईंना काही हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कँटीनमध्ये त्या कोरा चहा घेऊन बसल्या होत्या. काचेचा पेला, तळाशी टेबलाचा पांढरा पत्रा. अर्धा चहा पिऊन झाला आणि त्यांनी सहज वरून पेल्यात पाहिलं. मघाशी तळ दिसतच नव्हता. आता चहा निम्मा उरला होता, रंग फिका झाला होता आणि तळ दिसत होता. पेल्याच्या बुडाला मात्र कुठला तरी जुना डाग होता. तो आधी जेवढा असेल तेवढाच गडद होता.

जयाताई पेला तसाच हातात घेऊन वल्लरीच्या खोलीत गेल्या.

“वल्लरी, हे बघ. रंग चहात असेल तर चहा अर्धा केला की रंगही अर्धा होतो. डाग काचेवर असेल तर चहा अर्धा करा नाहीतर पूर्ण, डाग तेवढाच. बरोबर?”

“बरोबर.”

“मग मी चकती अर्ध्या जाडीची करून देते. पाण्यानेच घासून, त्याच लगद्यावर, वर हाऽऽसुद्धा करून. ओलावा माझ्या पॉलिशमुळे पृष्ठभागाला लागला असेल तर तुझी टेकडी तेवढीच राहील. आणि आतवर सगळीकडे भिनला असेल, तर?”

वल्लरी खुर्चीत सरळ बसली. “तर टेकडी निम्मी होईल. ताई, तुम्ही तर थेट माझ्या थिसिसचा चॅप्टर लिहिताय!”

अडचण एवढीच की चार मिलिमीटरची चकती दोनची केली की ती त्या लेसरला निरुपयोगी. चारांतली एक कायमची जाणार. जयाताई परवानगी मागायला गेल्या. खांबेटे काहीतरी टाइप करत होते, त्यांनी वर न बघता विचारलं, “कितवी कापताय?”

“तिसरी. सगळ्यांत चांगली झाली आहे. उद्या कुणी म्हणायला नको की पॉलिश कच्चं होतं.”

आता मात्र त्यांनी वर पाहिलं. “कापा. तसाही तिचा उपयोग कागदांवर वजन म्हणूनच होता.”

तिसऱ्या चकतीच्या एका बाजूला फुंकर घालूनसुद्धा दिसली नसती अशी एक रेघ घालवायला जयाताईंनी नोव्हेंबरात पूर्ण दिवस घालवला होता. तिला मेणाने पट्टीवर चिकटवून त्यांनी हिऱ्याच्या पात्याखाली ठेवलं. पातं फिरलं, चकती दुभागली. मग दोन दिवस त्या आणि तबकडी. आधी जाड भुकटी, मग बारीक, मग पांढरा पाणीदार लगदा, आणि हाताचा तोच संथ इंग्रजी आठाचा आकडा. बुधवारी जेवायची सुट्टी घेतली नाही. गुरुवारी दुपारी त्यांनी चकती चिमट्यात धरली, दार लोटून घेतलं आणि मनाई झुगारून तिच्यावर हाऽऽ केलं. धुकं सारखं विरलं.

वल्लरीने ती यंत्रात ठेवली तेव्हा खांबेटेही येऊन उभे राहिले. पडद्यावर रेषा सरकत सरकत टेकडीपाशी आली, चढली आणि उतरली. वल्लरीने जुना आलेख शेजारी ठेवला आणि आकडे वाचले. टेकडी बरोबर निम्मी झाली होती.

“आतवर आहे,” वल्लरी ओरडली. “पूर्ण जाडीत सारखं आहे! पॉलिशने हे होऊच शकत नाही, सर. एवढ्या आत शिरायला हजार डिग्रीचा ताप लागतो.”

जयाताईंना हसावं की रडावं कळेना. डोळे भरून आले होते आणि हात लगद्याचे होते, म्हणून त्यांनी खांद्याला डोळे पुसले. खांबेट्यांनी दोन्ही आलेख बराच वेळ पाहिले. मग चष्मा काढला आणि त्यांच्याकडे वळले.

“जयाताई, मी चुकलो. हे तुमच्या हाताचं काम नाही. मी आधी हाच प्रयोग सांगायला हवा होता, आणि तो तुम्ही मला सांगितलात.” एवढं सरळ वाक्य त्यांच्या तोंडून विभागात बहुधा कुणीच ऐकलं नव्हतं, त्यामुळे क्षणभर सगळेच अवघडले. मग ते म्हणाले, “चला, भट्टीकडे. ओलावा तापात शिरला असेल तर तो तिथूनच शिरला.”

स्फटिक वाढवून झाला, कापून झाला की चकत्या पॉलिशच्या आधी भट्टीत ठेवून प्राणवायूच्या झोतात तापवायच्या, हे काम धोंडिबा पोकळ्यांचं. धोंडिबा मूळ धायरीचाच, आसपास इमारती उठायच्या आधीपासूनचा. विभागप्रमुख भट्टीच्या खोलीत आलेले पाहून तो उभाच राहिला.

खांबेट्यांनी एकेक गोष्ट पाहायला सुरुवात केली. भट्टीचं दार, आतली वीट, नळ्यांचे सांधे. मागच्या बाजूला नळीच्या वाटेत एक प्लॅस्टिकची बाटली होती, पाऊण पाण्याने भरलेली. तिच्याकडे त्यांनी बघितलं आणि “हं, बुडबुड्यांची बाटली, ठीक” म्हणून पुढे गेले. “सिलिंडरच ओलसर आला असेल. पुरवठादाराला खरमरीत पत्र लिहू. की तुम्ही भट्टी धुतली होती, धोंडिबा?”

“न्हाई सायेब. भट्टी कोन धुतंय? कोरडी ठणठणीत हाय.”

“मग पाणी आकाशातून पडलं का?”

धोंडिबाने मान खाली घातली. खाली घालण्याआधी मात्र त्याची नजर एकदा बाटलीकडे आणि एकदा जयाताईंकडे गेली.

जयाताईही बाटलीकडेच बघत होत्या. त्यांना ती ओळखायची गरज नव्हती. ती त्यांच्याच घरातून आली होती.

झालं होतं असं. श्रावणात भट्टीची काचेची मापनळी, ज्यात वायू किती वाहतो ते दिसायचं, ती फुटली. नवीन मागवायची फाइल कुठल्या तरी टेबलावर जाऊन झोपली. धोंडिबा रोज जयाताईंपाशी येऊन कुरकुरायचा, ताई, वायू चाललाय का न्हाई तेच समजंना, चकत्या जळाल्या तर? तेव्हा जयाताईंना दवाखाना आठवला. कोरोनात सुदर्शन एकोणीस दिवस प्राणवायूवर होते. पलंगाच्या मागे भिंतीला पाण्याची बाटली, आणि तिच्यात बुडबुडे. बुडबुडे चालू म्हणजे वायू चालू, वायू चालू म्हणजे माणूस आहे. जयाताई एकोणीस दिवस त्या बुडबुड्यांवर नजर लावून बसल्या होत्या. पुढे घरी सिलिंडर आणला, त्याचीही तसलीच बाटली होती. सुदर्शन बरे झाल्यावर सिलिंडर परत गेला, बाटली मात्र धुऊन फडताळात राहिली. टाकवत नव्हती. तीच त्यांनी संस्थेत आणली, सिलिंडर आणि भट्टीच्या मध्ये जोडली आणि धोंडिबाला म्हणाल्या, “बुडबुडे दिसले की समजायचं, सगळं ठीक आहे.” धोंडिबाने त्यांना दोन्ही हातांनी नमस्कार केला होता.

आता त्या बाटलीकडे बघताना त्यांना दवाखान्यातल्या परिचारिकेचं बोलणं आठवलं. त्यांनी तिला विचारलं होतं, पाण्यातून कशाला सोडता? ती म्हणाली होती, अहो, नुसता वायू फार कोरडा असतो, पेशंटच्या नाकाला झोंबतो. म्हणून ओला करून देतो.

ओला करून. चार महिने त्या स्वतःच भट्टीत ओला वायू सोडत होत्या. हजार अंशांच्या तापात तास न् तास.

खांबेट्यांच्या नजरेला बाटली खटकली नव्हती, कारण अशी बाटली बहुतेक भट्ट्यांना असते, फक्त पलीकडच्या तोंडाला. वायू बाहेर पडताना पाण्यातून जातो. आत येताना नाही. नळ्यांच्या त्या गुंत्यात ती कुठल्या तोंडाला आहे हे त्यांनी पाहिलं नव्हतं. पत्र पुरवठादाराला गेलं असतं. धोंडिबा काही बोलला नसता, हे त्याच्या मानेवरून दिसतच होतं. आणि पाच मिनिटांपूर्वी जयाताईंना जे मिळालं होतं ते तसंच राहिलं असतं. ते किती हवंसं होतं, हे त्यांचं त्यांनाच माहीत. एकदा तर त्यांच्या मनात आलंच की संध्याकाळी गुपचूप बाटली काढून न्यावी.

“सर,” त्या म्हणाल्या. “सिलिंडर ठीक आहे. धोंडिबाचं काही चुकलेलं नाही. ती बाटली माझी आहे.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. मापनळी, फाइल, दवाखाना, एकोणीस दिवस. परिचारिकेचं वाक्यही सांगितलं. सांगताना मध्ये कुठे थांबल्या नाहीत. “हाताने नाही नासवलं,” त्या शेवटी म्हणाल्या, “डोक्याने नासवलं. घासण्याआधीच.”

वल्लरीने ओठ दाबून धरले होते. धोंडिबा म्हणाला, “सायेब, ताईंनी माज्यासाठीच केलंवतं.”

खांबेटे भट्टीमागे गेले, वाकले आणि बोटाने नळी चाचपत सिलिंडरपासून बाटलीपर्यंत, बाटलीपासून भट्टीपर्यंत आले. परत उभे राहिले. जयाताईंना वाटलं, आता मे महिन्याचीही वाट बघायला नको.

“स्फटिकांच्या नाकाला झोंबू नये म्हणून,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा गंभीर ठेवण्याचा प्रयत्न चालला होता, आणि तो फसला. ते हसू लागले. वल्लरी हसली, धोंडिबाही बिचकत हसला. जयाताईंना रडू फुटलं आणि त्यातच हसूही आलं, आणि दोन्हींना त्यांनी वाट करून दिली.

“ताई, ती मापनळीची फाइल माझ्या टेबलावर झोपली आहे,” खांबेटे जरा वेळाने म्हणाले. “श्रावणापासून. तेव्हा नासवणाऱ्यांत मलाही धरा.”

“चकत्या गेल्या का हो सगळ्या?”

“जात नाहीत. जसा शिरला तसा निघतो. कोरड्या वायूत पुन्हा तापवल्या की हायड्रोजन बराचसा बाहेर पडेल. पण एवढ्या तापात पृष्ठभाग खराब होणार. म्हणजे तुमचं पॉलिश झालेल्या तीनसुद्धा पुन्हा घासाव्या लागतील. अकराच्या अकरा.”

 जयाताईंना विचारायचं होतं ते विचारवत नव्हतं. वल्लरीनेच विचारलं, “सर, मग बंगळुरू?”

“बंगळुरूचा माणूस तेलावर करतो म्हणे,” खांबेटे म्हणाले. “असेल. आपल्याला तेलकट कशाला हवंय?” आणि निघून गेले.

बाटली त्याच दुपारी निघाली. जयाताईंनी ती घरी न्यायला पिशवीत घातली होती, पण धोंडिबाने मागून घेतली आणि भट्टीच्या पलीकडच्या तोंडाला, वायू बाहेर पडतो तिथे, स्वतःच्या हाताने जोडली. “बुडबुडं दिसल्याबिगर मला आता चैन पडायचं न्हाई, ताई,” तो म्हणाला. नवीन मापनळी मात्र पुढच्या आठवड्यातच आली.

जानेवारीभर जयाताई तबकडीसमोर होत्या. मनगट दुखायचं, संध्याकाळी सुदर्शन तेल चोळून द्यायचे आणि विचारायचे, “किती झाल्या?” चार. सात. नऊ. अकरावी झाली त्या दिवशी वल्लरीच्या यंत्रावर रेषा सरकत टेकडीच्या जागी आली, जराशी उचलल्यासारखी झाली आणि पुढे गेली. “टेकडी कसली,” वल्लरी म्हणाली, “स्पीडब्रेकरसुद्धा नाही.”

पार्सल बांधायची वेळ आली. खांबेट्यांनी अकरा डब्या टेबलावर मांडल्या होत्या. पाठवायच्या पत्रावर त्यांना सही करायची होती, पेन उघडलेलं होतं. ते थांबले, पहिली डबी उघडली, चिमट्याने चकती उचलली आणि जयाताईंच्या तोंडासमोर धरली.

“हाऽऽ करा, ताई. त्याशिवाय मी सही करत नाही.”

खोलीत कुणी बोलत नव्हतं. जयाताईंनी श्वास घेतला आणि चकतीवर सोडला. धुकं धरलं, आणि कडेपासून मध्यापर्यंत सारखं विरत गेलं.

“द्या,” त्या म्हणाल्या. “दुसरी.”